मूत्रपिंड देण्याघेण्याआधी: अबोला असलेल्या भावंडांनी काय बोलावे, केव्हा आणि कसे

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान पक्के होते, हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) तयार केला जातो, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिस सुरू होते, आणि एका भेटीत डॉक्टर विचारतात, ‘घरात देणारे कोणी आहे का?’ आईचे वय झालेले असते, पत्नीच्या तपासणीत मधुमेह निघतो, मुलगा अजून अठरा वर्षांचा झालेला नसतो, आणि मग ज्या माणसाचे नाव घरात कित्येक वर्षे कोणी उच्चारलेले नसते, ते नाव कोणीतरी दबक्या आवाजात घेते. सख्खी बहीण आहे. पण तिच्याशी बोलणे नाही.

पुढील मजकूर अशा भावंडांसाठी आहे. समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण सोबत ठेवू. सातारा जिल्ह्यातील एक कुटुंब आहे. थोरली बहीण लग्नानंतर पुण्यात राहते, धाकटा भाऊ गावी शेती पाहतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोघांचीही नावे वारस म्हणून लागली. भावाने हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला, बहीण ‘विचार करून सांगते’ म्हणाली, आणि भाऊ त्या दिवशी दाजींच्या देखत जे बोलला ते तिच्या मनातून गेले नाही. त्यानंतर नऊ भाऊबिजा कोरड्या गेल्या. आता भाऊ डायलिसिसवर आहे आणि बहिणीचा रक्तगट त्याच्याशी जुळणारा आहे.

अशा वेळी घरातील सगळे एकच घाई करतात. आधी मूत्रपिंडाचे बघू, रुसवेफुगवे मागाहून मिटतील, असे म्हणतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. जुने दुखणे मनात तसेच ठेवून शस्त्रक्रिया झाली, तर ते दुखणे पुढे त्या मूत्रपिंडाच्या नावाने बोलू लागते. ‘मी एवढे देऊनही त्याने एकदा चूक मान्य केली नाही’ असे एक भावंड म्हणते, आणि ‘तिने दिले, पण मला कायमचे मिंधे केले’ असे दुसरे. म्हणून माफीची गोष्ट आधी आणि वेगळी उरकावी, आणि मूत्रपिंडाचा निर्णय त्यानंतर, स्वतंत्रपणे व्हावा. एकीच्या बदल्यात दुसरी, असा सौदा बोलण्यात तर नाहीच, मनातही ठेवू नये. पुढे जे सांगितले आहे ते सर्व या एका गोष्टीभोवती फिरते.

विचारण्याआधी रुग्णाने करायची तयारी

भावंडाला फोन करण्याआधी रुग्णाने आपले नाव मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत लागले आहे ना, याची खात्री करावी. महाराष्ट्रात हे काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांमार्फत चालते, आणि नोंदणी रुग्ण ज्या मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेतो त्या रुग्णालयातून होते. यादी लांब असते आणि वाट पाहण्यात वर्षे जाऊ शकतात, हे खरे. तरीही ही नोंदणी झालेली असणे आणि नसणे यांत संभाषणाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. नोंदणी नसेल, तर बहिणीच्या कानावर ‘तू दिलेस तरच मी जगेन’ एवढेच पडते. नोंदणी असेल, डायलिसिस नीट चालू असेल, तर तिला खरी परिस्थिती कळते: भावंडाकडून मिळालेले मूत्रपिंड सर्वसाधारणपणे अधिक काळ टिकते आणि लवकर मिळते, पण ती एकमेव वाट नाही. गळ्याशी सुरी लावून मिळवलेला होकार आणि विचारपूर्वक दिलेला होकार यांतील अंतर येथूनच सुरू होते.

दुसरी तयारी शब्दांची आहे. ‘त्याग’ हा शब्द घरातून काही महिन्यांसाठी हद्दपार करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्या घरात बहिणीच्या त्यागाची स्तुती तिच्या होकाराआधीच सुरू होते, त्या घरात नकार देणारी बहीण आपोआप स्वार्थी ठरते. आईने तर हा शब्द वापरूच नये. दोन लेकरांपैकी एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या शरीरातील अवयव मागण्याची वेळ आईवर येते, तेव्हा तिचे रडणे समजण्यासारखे असते, पण ते रडणे मुलीसमोर झाले तर त्याचा अर्थ हुकूम असाच होतो.

पहिला फोन

पहिला फोन आजारी असलेल्याने स्वतः करावा. मामा, चुलते, गावचे पाटील, वहिनी, यांपैकी कोणालाही मध्यस्थ म्हणून पाठवू नये. मध्यस्थ येतो तेव्हा निरोप घेऊन येतो, आणि निरोपात नेहमी मागणी असते. या पहिल्या फोनमध्ये मूत्रपिंड मागायचे नाही. आजाराची बातमी द्यायची आणि भेटायला येऊ का, एवढे विचारायचे. उदाहरणातील भावाने साधारण असे बोलावे: ‘ताई, मी बोलतोय. माझी किडनी गेली आहे, डायलिसिस चालू आहे. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून फोन केला. मला तुझ्याकडून काही मागायचे नाही. पण मला तुझ्याशी एका जुन्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे, आणि ते तोंडावर बोलायचे आहे.’

‘मला काही मागायचे नाही’ हे वाक्य खरे असेल तरच उच्चारावे. मनात मागणी ठेवून ते म्हटले आणि आठवड्याभराने मागणी केली, तर आधीच्या सगळ्या माफीला गळ लावल्याचा वास येतो. रुग्णाला आपण पुढे कधीतरी विचारणार याची जाणीव असेल, तर प्रामाणिक मार्ग असा की तेही सांगून टाकावे: ‘डॉक्टरांनी भावंडांबद्दल विचारले आहे. तो विषय मी आज काढणार नाही, आणि तू काढला नाहीस तर पुढेही काढणार नाही.’ मग ते पाळावे. बहुतेक भावंडांना हा विषय आपणहून कळतोच. आजाराचे नाव ऐकताच माणसे मनातल्या मनात हिशेब करू लागतात.

उलट बाजूने, बहिणीला आजाराची बातमी आधी कानावर आली असेल तर तिने वाट पाहू नये. मात्र भेटीची वेळ निवडताना एक काळजी घ्यावी. डायलिसिसच्या खाटेशेजारी जुना वाद काढू नये. चार तास माणूस एका जागी जखडलेला असतो, एका हातात दोन सुया असतात, रक्तदाब मध्येच उतरतो, आणि उठून जाण्याची सोय फक्त एकाच माणसाला असते. ज्याला उठून जाता येत नाही त्याची माफी आणि त्याचा राग, दोन्ही अर्धेच खरे असतात. डायलिसिस नसलेल्या दिवशी, शक्यतो सकाळी, तिसऱ्याच्या घरी किंवा गावाबाहेरच्या देवळाच्या ओट्यावर बसावे. चहा ठेवणे, पाणी आणणे यांत वेळ जाणार नाही अशी जागा असली म्हणजे पुरे.

माफी मागणे आणि माफ करणे

आपल्याकडे माफी मागण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे ‘काही चुकलेमाकले असेल तर माफ कर’. ही माफी नव्हे. यात काय चुकले ते सांगितलेले नाही, आणि ‘असेल तर’ म्हणून चूक झाली की नाही याचाही निकाल समोरच्यावर सोडला आहे. जैन बांधव संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून सर्वांची क्षमा मागतात. वर्षभराचा मळ धुण्यासाठी ती रीत सुंदर आहे. पण नऊ वर्षांच्या अबोल्यामागे एक विशिष्ट दिवस, एक विशिष्ट वाक्य आणि ते ऐकणारी विशिष्ट माणसे असतात, तेव्हा सर्वसमावेशक क्षमायाचना अपुरी पडते.

म्हणून घटना नावानिशी सांगावी. ‘बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी तुला म्हणालो की लग्नात तुझा वाटा देऊन झाला. ते मी दाजींसमोर म्हणालो. ते खोटे होते आणि तुला खाली बघायला लावण्यासाठीच मी ते बोललो होतो.’ इतके स्पष्ट बोलणे जड जाते, आणि म्हणूनच त्याला किंमत आहे. त्यानंतर ‘पण तूही’ हे दोन शब्द येऊ देऊ नयेत. बहिणीचे काही चुकले असेल तर ती तिच्या वेळेला सांगेल, आणि त्याच बैठकीत सांगेलच असे नाही. समोरासमोर बोलताना जीभ अडखळत असेल तर आधी कागदावर लिहून काढावे आणि वाचून दाखवावे. व्हॉट्सॲपवर मात्र पाठवू नये, कारण तेथून ते तासाभरात भावकीच्या गटात पोहोचते.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. भावाने बहिणीचा अपमान केला तेव्हा तो दाजींचाही केला होता, आणि कदाचित बहिणीच्या मुलांनीही तो पाहिला होता. मूत्रपिंडाच्या निर्णयात कायद्याने संमती बहिणीची एकटीची लागते, पण तिच्या मागे घर सांभाळणारा, रुग्णालयात तिच्या उशाशी बसणारा माणूस तोच असतो. त्याची माफी वेगळी मागावी, त्याच्या घरी जाऊन मागावी, आणि बहिणीमार्फत मागू नये.

आता माफ करणाऱ्याची बाजू. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे लगेच म्हणून टाकण्याची आपल्याकडे फार सवय आहे, विशेषतः बायकांना ती लावली जाते. भावाचा चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला पाहून कोणाच्याही तोंडून ते निघेल. पण ती दया आहे, आणि दया उतरली की राग जागच्या जागी सापडतो. बहिणीने ‘मी ऐकले. मला थोडा वेळ दे’ एवढे म्हणून उठणे अधिक प्रामाणिक आहे. प्रत्यारोपणाच्या तपासण्यांना तसेही काही आठवडे जातात, त्यामुळे एवढा वेळ बहुतेक वेळा हाताशी असतोच. त्या काळात तिने स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा: उद्या दुसऱ्याच कोणाचे मूत्रपिंड भावाला मिळाले आणि माझी गरजच उरली नाही, तरी मी त्याला माफ केलेले राहीन का? आणि उलटाही: मी त्याला पूर्ण माफ केले, तरी मूत्रपिंड देणार नाही असे म्हणण्याची मला मोकळीक वाटते का? दोन्ही उत्तरे ‘हो’ येत असतील तर दोन्ही गोष्टी खरोखर वेगळ्या झाल्या आहेत. एखादे उत्तर अडले, तर तेथे अजून बोलायचे शिल्लक आहे.

माफ करणे म्हणजे पूर्वीसारखी जवळीक आलीच पाहिजे असेही नाही. काही भावंडे एकमेकांना माफ करतात आणि तरीही वर्षातून दोनदाच भेटतात. त्यात काही उणे नाही.

जमिनीचा विषय कागदासकट बाजूला ठेवणे

भाऊबंदकीचे मूळ बहुधा जमिनीत असते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. माफीची भेट चांगली झाली, डोळ्यांतून पाणी आले, की भाऊ उमाळ्याने म्हणतो, ‘ताई, ओढ्याकडची दोन एकर तुझ्या नावावर करून देतो.’ किंवा बहीण म्हणते, ‘तू बरा हो, मी हक्कसोडीवर सही करते.’ दोघांच्याही मनात पाप नसते. परंतु मानवी अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा, जो 2011 मध्ये सुधारण्यात आला, अवयवाच्या बदल्यात पैसा किंवा पैशाचे मोल असलेली कोणतीही वस्तू देण्याघेण्यास मनाई करतो, आणि जमीन हे पैशाचे मोलच आहे. अशा व्यवहारासाठी पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. तपासण्या चालू असतानाच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले दोन भावंडांमधील बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र मंजुरी देणाऱ्यांच्या समोर आले, तर त्यांनी कोणता अर्थ काढावा?

तेव्हा जमिनीची वाटणी एक तर मूत्रपिंडाचा विषय निघण्यापूर्वीच संपलेली असावी, किंवा शस्त्रक्रियेनंतर दोघेही पूर्ण बरे होऊन बराच काळ लोटेपर्यंत तिला हात लावू नये. मधल्या काळात कोणत्याही कागदावर सही नको. दाव्याची तारीख न्यायालयात चालू असेल तर दोघांनी आपापल्या वकिलांना आजाराची कल्पना द्यावी आणि पुढची तारीख मागावी. आजाराच्या दडपणाखाली तडजोड लिहून घेऊ नये. बहिणीचा हक्क 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा झाला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले आहे. हा हक्क तिने ठेवावा की सोडावा हा तिचा प्रश्न आहे. पण ‘जमीन मागणारी’ आणि ‘किडनी देणारी’ अशी तिची दोन रूपे एकमेकांसमोर उभी करून तोल साधण्याचा खेळ कुटुंबाने खेळू नये.

याचा अर्थ देणाऱ्याने पदरमोड करावी असा होत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च, तसेच अवयव दिल्यामुळे थेट झालेला खर्च आणि बुडालेली कमाई यांची भरपाई कायदा मोबदला मानत नाही. बहीण शिवणकाम करत असेल आणि सहा आठवडे यंत्रावर बसू शकणार नसेल, तर तेवढ्या उत्पन्नाची भरपाई भावाने करावी, आणि ती लपूनछपून न करता रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकाला सांगून, हिशेब लिहून करावी. पुण्याहून येण्याजाण्याचा खर्च, मुलांच्या डब्याची सोय, सासूबाईंच्या औषधपाण्यासाठी लावलेली बाई, हे विषय काढायला बहीण लाजते. भावाने आपण होऊन काढावेत.

तपासण्या, कागद, आणि ‘नाही’ म्हणण्याची वाट

सख्खी भावंडे कायद्याच्या दृष्टीने जवळचे नातेवाईक ठरतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत मंजुरी सामान्यतः रुग्णालयातील सक्षम अधिकाऱ्याच्या पातळीवर होते. चुलत, आते, मामे, मावस भावंडे आपल्या बोलण्यात भाऊबहीणच असली तरी कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना प्राधिकार समितीपुढे जावे लागते. दोघांपैकी एकाने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर सख्ख्या भावंडांनाही समितीची मंजुरी लागते, हे अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या भावंडांनी तिकीट काढण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखले, शिधापत्रिका यांसारख्या कागदांबरोबर एक कौटुंबिक छायाचित्रही मागितले जाते, ज्यात देणारा, घेणारा आणि आणखी एखादा जवळचा नातेवाईक एकत्र दिसतो. नऊ वर्षे न भेटलेल्या भावंडांकडे अलीकडचा फोटो नसतो. मग कोणाच्या तरी मुंजीचा किंवा बहिणीच्याच लग्नाचा अल्बम माळ्यावरून खाली येतो. हे काम समन्वयकाला किंवा मुलांना सांगू नये. भावंडांनी एकत्र बसून करावे. सरकारी नियमाने घडवून आणलेली ही बैठक कधीकधी कोणत्याही समुपदेशनापेक्षा अधिक काम करते, असे मला वाटते.

ऊतीजुळणीच्या, म्हणजे दोघांच्या शरीरपेशींवरील खुणा किती जुळतात हे पाहणाऱ्या, तपासणीबद्दल आधीच थोडे जाणून घ्यावे. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, अर्धे जुळण्याची चारात दोन, आणि अजिबात न जुळण्याचीही चारात एक. आईवडिलांकडून कोणता वाटा कोणाला आला, याचा हा केवळ योगायोग आहे. पूर्ण जुळले म्हणून ‘देवाचीच इच्छा’ आणि नाही जुळले म्हणून ‘मनात किंतु असणार’, असे अर्थ काढणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना निकाल सांगूच नये. आजची औषधे चांगली असल्यामुळे कमी जुळणीतही प्रत्यारोपण यशस्वी होते. रक्तगट न जुळल्यासही वाट संपत नाही, कारण अशाच अडचणीतील दुसऱ्या कुटुंबाशी जवळच्या नातेवाइकांमधील दात्यांची अदलाबदल करण्याची तरतूद 2011 च्या दुरुस्तीने झाली आहे. एक नाजूक बाब मात्र आहे: या तपासण्यांतून क्वचित नात्याबद्दलची अनपेक्षित माहिती पुढे येऊ शकते. तसे झाल्यास ती कोणाला आणि कशी सांगितली जाईल, हे रक्त देण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

दात्याच्या मूत्रपिंडांचे काम मोजणारा स्कॅन, रक्तवाहिन्यांचे सीटी, लघवीतील प्रथिनांची तपासणी, हृदयाची तपासणी आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट, असा मोठा क्रम असतो. शेवटची भेट औपचारिकता समजून उरकू नये. तेथे दात्याला एकटे बसवून विचारले जाते, आणि तेथेच खरे बोलायचे असते. दाता स्त्री असेल तर नियमांनी अधिक सावधगिरी सांगितली आहे. तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून पडताळली जाते. आपल्या देशात मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, ही गोष्ट पाहिली म्हणजे या नियमाची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

बहिणीला द्यायचे नसेल, किंवा तपासण्यांच्या अर्ध्यात मन फिरले, तर ती शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत कधीही माघार घेऊ शकते. कारण सांगण्याचे बंधन तिच्यावर नाही. घरी जाऊन ते तोंडाने सांगणे कठीण वाटत असेल तर तिने डॉक्टरांनाच खासगीत सांगावे, आणि कुटुंबाला ‘या दाता म्हणून योग्य नाहीत’ एवढेच कळवाल का, असे विचारावे. भावाने आपल्या बाजूने हे दार आधीच उघडे ठेवावे: ‘तू नाही म्हणालीस तर मी कारण विचारणार नाही, आणि भाऊबीज चुकवणार नाही.’ नकार मिळाल्यावर या वाक्याची परीक्षा होते. पहिल्या आठवड्यात त्याने स्वतः फोन करावा, हवापाण्याचे, मुलांच्या परीक्षेचे बोलावे. नकारानंतर आलेला हा साधा फोन मिळाला, म्हणजे आधीची माफी उसनी नव्हती हे बहिणीला कळते.

आदली रात्र आणि त्यानंतरचे दिवस

पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण 23 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे झाले, आणि तेही दोन भावांमध्ये. रोनाल्ड हेरिक याने आपले एक मूत्रपिंड जुळा भाऊ रिचर्ड याला दिले. शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोसेफ मरे यांना पुढे 1990 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या भावांमध्ये वैर नव्हते, तरीही आदल्या रात्रीची त्यांची हकिकत येथे उपयोगी आहे. आजारी रिचर्डने रोनाल्डला चिठ्ठी पाठवली की, तू येथून निघ आणि घरी जा. रोनाल्डने उलट कळवले की, मी आलो आहे आणि राहणार आहे. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला, आणि रोनाल्ड एका मूत्रपिंडावर आणखी छप्पन्न वर्षे.

घेणाऱ्याने आदल्या रात्री नेमके एवढेच करावे: सुटकेची वाट अजून उघडी आहे हे शेवटचे एकदा सांगावे. नवी माफी मागू नये, जुना विषय काढू नये, पाया पडू नये. रडण्याचा मोठा कार्यक्रम झाला तर दात्याचा रक्तदाब वाढतो आणि भूलतज्ज्ञ वैतागतात.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस कुटुंबाला नेहमी चकवतात. घेणाऱ्याच्या शरीरातील विष उतरू लागते, भूक लागते, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि सगळी माणसे त्याच्या काचेच्या खोलीबाहेर गर्दी करतात. कालपर्यंत धडधाकट असलेली बहीण मात्र वेदनेने कुशीवर वळू शकत नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली असली तरी पोटात वायू भरल्यामुळे खांदे दुखतात, मळमळते, आणि तिला विचारायला येणारे फारसे कोणी नसते. जुन्या भांडणातील ‘या घरात माझी किंमत नाही’ ही भावना परत यायला याहून अनुकूल वेळ दुसरी नाही. म्हणून कोण कोणाजवळ बसणार हे आधी ठरवावे, आणि आई मुलाजवळ नव्हे, मुलीजवळ बसावी. दाता साधारण तीन ते पाच दिवसांत घरी जातो, पण सुमारे सहा आठवडे जड उचलता येत नाही. उरलेले मूत्रपिंड हळूहळू अधिक काम करू लागते. दात्याच्या मृत्यूचा धोका दहा हजारांत तीनच्या आसपास, म्हणजे फार कमी आहे. पण तो शून्य नाही, आणि होकाराआधी दोघांनीही तो आकडा ऐकलेला असला पाहिजे.

पुढे कधीतरी दोघे भांडतील. भावंडेच आहेत. तेव्हा ‘माझे मूत्रपिंड तुझ्या पोटात आहे’ हे वाक्य बहिणीने गिळावे, आणि ‘मग घे परत’ हे भावाने. भाऊ गोळ्या वेळेवर घेतो की नाही, याची चौकशी बहीण करणारच. तो पहारा समजू नये. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर, घड्याळ लावून घ्यावी लागतात, आणि ती चुकवून मूत्रपिंड गमावणे ही कोणत्याही जुन्या अपमानापेक्षा मोठी जखम ठरेल. याउलट सर्व औषधे घेऊनही शरीराने मूत्रपिंड नाकारले, तर त्यात कोणाचाही दोष नसतो. ही शक्यता शस्त्रक्रियेआधी दोघांनी मिळून, एकाच खोलीत, डॉक्टरांच्या तोंडून ऐकावी, म्हणजे तसे घडल्यास बहिणीला ‘माझे वाया गेले’ आणि भावाला ‘मी वाया घालवले’ असे वाटण्याची धार थोडी बोथट होते.

दात्यानेही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यायची असतात, आणि डोकेदुखी, गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नसतात. घेणाऱ्याच्या तपासण्या सगळ्या घराला पाठ असतात. देणाऱ्याच्या दोन वर्षांत विसरल्या जातात. बहिणीच्या तपासणीची तारीख भावाने आपल्या घरच्या कालनिर्णयावर लिहावी, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करावा.